मेंढरांच्या बाजारात वाटलेली चित्रं

एखादी गोष्ट आवडली म्हणून तुम्ही ती दहाजणांना पाठवता, तेव्हा जिनं ती केली तिला ती दहाजणांत जायला हवी आहे का, हे तुम्ही कधी विचारलं आहे? मी विचारलं नव्हतं. खरं तर मला विचारायची गरजही नव्हती, कारण तिनं आपणहून सांगून ठेवलं होतं. नको म्हणाली होती. ते ऐकूनही मी जे केलं ते का केलं, हे सांगायचं तर आधी आमचं घर सांगावं लागेल.

वडवणीला आमचं कापडाचं दुकान होतं. पुढच्या खोलीत झंपराच्या कापडाचे तागे, परकराचं सुती, लुगडी. मागच्या खोलीत सायक्लोस्टाईलचं मशीन. पुढं कापड फाडल्याचा चर्र आवाज आणि मागं रूळ फिरल्याचा खटर्र खट, या दोन आवाजांत मी वाढले. माझे वडील, अप्पा, सकाळी आंघोळ करून, कपाळाला विभूती लावून, तळहातावरच्या इष्टलिंगाची पूजा करायचे आणि त्याच हातानं लगेच शाईचा डबा उघडायचे. घरातल्या चुरमुऱ्यांच्या सुशीलाला, धपाट्यांना, आईनं उखळात कुटलेल्या येसराच्या मसाल्याला सुद्धा शाईचा आणि स्टेन्सिलच्या मेणाचा वास असायचा. पाहुणे नाक मुरडायचे, आम्हाला कळायचंही नाही. दुकानात बाई झंपराचं कापड घ्यायला आली की कापडाच्या घडीत एक पत्रक जायचं. कधी खताच्या भावाचं, कधी परदेशी बियाण्याच्या कंपन्यांचं, कधी हुंड्याचं. कपिलधारच्या यात्रेत लोक नारळ-बत्तासे घेऊन जायचे, अप्पा पत्रकांचा गठ्ठा घेऊन जायचे. पत्रकाखाली लिहिणाराचं नाव कधीच नसायचं. पत्ता मात्र दुकानाचा असायचा. भांडायला येणाऱ्याला घर सापडलं पाहिजे, असं अप्पांचं म्हणणं. आणि त्याखाली एक ओळ, माझ्या जन्माच्या आधीपासून तीच: वाचून झालं की दुसऱ्याला द्या.

पत्रकांतला मजकूर अप्पा स्वतः फारसा लिहायचे नाहीत. लोक येऊन सांगायचे. एकदा एक विधवा बाई येऊन दिरांनी जमीन कशी लाटली ते सांगून गेली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आत पायरीवर येऊन बसली. अप्पा, नका छापू म्हणाली. अप्पांनी ऐकून घेतलं आणि छापलं. पुढं त्या कागदाचा बोभाटा झाला, तलाठी घरी आला, बाईचं नाव सातबाऱ्यावर लागलं. ती पेढे घेऊन आली तेव्हा मी शाळेत जाणारी पोर होते. नको म्हणणारा माणूस भ्यालेला असतो आणि त्याची भीती आपण मोडायची असते, एवढं मी त्या पेढ्याबरोबर गिळलं. असे आणखी दोन-तीन प्रसंग पाहिले. ज्यांचं छापून वाईट झालं ते पेढे घेऊन येत नाहीत, त्यामुळे ते आम्हाला कधी दिसलेच नाहीत. हा हिशोब मला फार उशिरा सुचला.

कॉलेजला मी बीडला जायची, रोज एस.टी.नं. तेव्हा बस स्टँडजवळ फेरोजभाईंचं नेट कॅफे निघालं होतं. प्लायवूडचे खण, प्रत्येक खणाला पडदा, दारात चपलांचा ढीग, आणि तार जोडताना मशीनमधून येणारा तो किंचाळल्यासारखा आवाज. वीज गेली की सगळे खणांतून बाहेर येऊन रस्त्यावर उभे राहायचे आणि एकमेकांची तोंडं पाहायचे. मी पहिल्यांदा गेले ती निकाल बघायला. निकाल लागलेला नव्हता, तासाचे पैसे भरलेले होते, म्हणून इकडं-तिकडं दाबत बसले, आणि एका परदेशी पानावर पोचले. एक माणूस आपल्या स्वयंपाकघराच्या खिडकीचं रोज एक चित्र काढून तिथं लावत होता. खिडकीत एक बोका, बोक्याच्या तोंडी एक वाक्य. बस्स. त्या पानाच्या तळाला त्याच्या आवडत्या लोकांची नावं होती, त्यातल्या एकावर दाबलं तर समुद्रातल्या दीपगृहात एकटी राहणारी म्हातारी आणि तिच्याशी वाद घालणारे मासे. त्यापुढं कुठं छापणं बंद झालेली एक कादंबरी वाचकांनी मिळून टंकून ठेवलेली. एकानं दुसऱ्याकडं बोट दाखवायचं, दुसऱ्यानं तिसऱ्याकडं. माझं इंग्रजी यथातथा, मांडीवर डिक्शनरी घेऊन बसायची. पण मला एक गोष्ट लख्ख कळली. या लोकांना प्रकाशक नव्हता, कुणाची परवानगी नव्हती, फायदा नव्हता. ही पत्रकंच होती.

मग पत्रकांच्या घरातली मुलगी जे करील तेच मी केलं. महिन्याला एक कागद काढायला लागले. या पत्त्यावर जा, तिथं हे आहे, ते का बघायचं. कॉलेजच्या फळ्यावर, रसवंतीच्या खांबावर, फेरोजभाईंच्या दारात चिकटवायची. गिऱ्हाईक वाढेल म्हणून फेरोजभाई खूश होते. कागद वाचून पोरं यायचीही, पण खणात बसली की नोकरीच्या जाहिराती बघायची. फेरोजभाई मला म्हणायचे, "लीलाबाई, साऱ्या बीडला तुमी बोका दाखवायलात, पण बघत तुमी एकट्याच."

अप्पांना यातलं काही पसंत नव्हतं. जेवताना ते आईला ऐकवायचे, मला नाही. परदेशी कंपनीची तार, परदेशी कंपनीचं मशीन, आणि आपली लेक त्यावर गोऱ्या माणसाचा बोका बघायला पैसे मोजते. मी भाकरी तशीच ठेवून उठायची. तुमच्या मशीनवर दोनशे कागद निघतात, तिथं जगाला एकदम वाचता येतं, असं बरंच काही बोलायची. मला त्यांना हरवायचं होतं. त्यांच्याच तोंडून ऐकायचं होतं, की या जाळ्यातही आपल्या माणसांचं काही असतं. तसं काही मिळत मात्र नव्हतं. मराठी अक्षरं तर पडद्यावर उमटायचीच नाहीत, नुसते चौकोन दिसायचे.

आणि एके दिवशी ती सापडली. बोक्याच्या पानावर वाचकांनी आपापले पत्ते लिहून ठेवायची जागा होती, त्यात एक पत्ता मराठी शब्दासारखा वाटला. उघडला तर हळूहळू, वरून खाली, ओळीओळीनं एक चित्र उतरत गेलं. आधी आभाळ, मग बाभळीचा शेंडा, मग ओट्यावर एक बाई, मग एक मेंढी. मेंढीच्या तोंडी हातानं लिहिलेली अक्षरं होती, चित्राचाच भाग असल्यामुळं चौकोन न होता आलेली: "ह्या बाईला कावून आमच्या वाड्यात नेत न्हाईत? ही बी आमच्यातलीच हाय की." त्या सबंध जगाच्या पसाऱ्यात कुणीतरी 'का' न म्हणता आमच्यासारखं 'कावून' म्हणत होतं. मी खणाचा पडदा सारून फेरोजभाईंना हाक मारली. ते आले, वाकून वाचलं, आणि म्हणाले, "ही तर आपल्याकडली बोली हाय." मग माझा तास अर्ध्या तासानं वाढवून दिला.

त्या चित्रकथेचं नाव मी इथं 'कानकाटी' ठेवते. खरं नाव वेगळं आहे. कानाला खाच पाडलेली एक म्हातारी मेंढी मेंढरांच्या वाड्याच्या जाळीतून एका घराकडं बघते आणि तिला जे दिसतं ते सांगते. सासू तव्याशी बोलते ते, मुलगा रेडिओ छातीशी धरून झोपतो ते. रेघ इतकी कमी, की दोन फटकाऱ्यांत माणूस उभा राहायचा. एक चित्र तर मी त्या दिवसापासून विसरलेली नाही. संध्याकाळ झालीय, सासरा वाड्याच्या तोंडाशी उभा राहून आत शिरणारी मेंढरं मोजतो आहे, सून ओट्यावर बसलेली आहे, आणि शेवटची मेंढी आत गेल्यावर तो तिच्याकडं हात करून तिलाही मोजतो. मग म्हणतो, "बरोबर हाय." मेंढी त्यावर काहीच म्हणत नाही.  बाईला मेंढरांत मोजतात, आणि ही एवढ्या थंडपणे ते काढून दाखवते. मला वाटलं, याच्याइतकं जळजळीत पत्रक आमच्या घरातून आजवर निघालेलं नाही.

पानाखाली निरोप लिहायची सोय होती. इंग्रजी लिपीत मराठी लिहून मी भलंमोठं पत्र लिहिलं. तुम्ही कोण, कुठल्या, तुमचं काम लोकांपर्यंत गेलं पाहिजे, वगैरे. दोन-तीन आठवड्यांनी उत्तर आलं, चारच ओळींचं. तुम्हाला आवडलं हे वाचून बरं वाटलं, पण कृपा करून आपल्याकडं कुणाला सांगू नका. इथं ओळखीचं कुणी येत नाही म्हणूनच मला काढता येतं. मी ते वाचलं आणि माझ्या डोळ्यांसमोर दुकानाच्या पायरीवर बसलेली ती विधवा आली.

त्या शनिवारी मी फेरोजभाईंच्या प्रिंटरवर सहा पानं काढून घरी नेली. अप्पा गादीवर बसून हातानं कापड मोजत होते. मी पानं समोर ठेवली. त्यांनी चष्मा लावला, पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, आणि तव्याशी बोलणारी सासू बघून एकदम हसले, आईला हाक मारून म्हणाले, "बघ, ही तूच हायस." आई बघून गेली, तिलाही हसू आलं. मग त्यांनी ते मोजणीचं चित्र बराच वेळ हातात धरलं. हे आपलं हाय, असं ते म्हणाले. मी इतके दिवस ज्याची वाट बघत होते ते हेच वाक्य. मग मी सांगितलं, की बाई मात्र नको म्हणते. हे मी लपवलं नाही, एवढं तरी लिहून ठेवते. याचा काही उपयोग नाही हे मला माहीत आहे.

"भ्याली असंल," अप्पा म्हणाले. "भ्यालेल्या माणसाचं आपण छापायचं न्हाई, तर कुणी छापायचं?"

चित्रं स्टेन्सिलवर उतरवायचं काम मी केलं. काचेखाली दिवा, काचेवर प्रिंट, त्यावर स्टेन्सिल, आणि लोखंडी टोकाच्या लेखणीनं रेघ गिरवायची. दोन दिवस मी तिच्या हातामागून माझा हात नेत होते. मेंढीच्या कानाची खाच, तिच्याखालचं लहान गोल भोक, सगळं जसंच्या तसं घेतलं. कधी कधी वाटायचं, मीच काढते आहे. मोजणीच्या चित्राखाली मोकळी जागा राहिली होती. पत्रकात मोकळी जागा सोडायची आम्हाला सवय नव्हती. तिथं मी लिहिलं: माणसाला मेंढरात मोजणाऱ्यांनो, जाब द्या. आणि त्याखाली आमचा पत्ता, आणि आमची ओळ.

वाटायचं कुठं, याचाही आम्ही विचार केला. चित्रं मेंढरांची, तर मेंढरांच्या बाजारात. आठवडी बाजारात जनावरांच्या बाजूला मी गठ्ठा घेऊन उभी राहिले. धनगर मंडळी सहसा कागद घ्यायची नाहीत, पण चित्र बघून हात पुढं यायला लागले. आणि मग जे झालं ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, कळलं मात्र काहीच नाही. पहिल्याच म्हाताऱ्यानं अक्षरांकडं बघितलंसुद्धा नाही. त्यानं मेंढीच्या कानावर अंगठा ठेवला आणि शेजारच्याला दाखवला. आमच्या भागात प्रत्येक घराची कानावरची खूण वेगळी असते. कळपात कळप मिसळला तर मेंढरू कुणाचं ते त्या खाचेवरून ठरतं. त्यावर भांडण होत नाही, पंचसुद्धा तेवढंच बघतात. तिनं ज्या पडद्यावर ते चित्र ठेवलं होतं तिथं ती खाच कुणालाही वाचता येत नव्हती. मी ती जिथं नेली तिथं प्रत्येकाला वाचता येत होती.

"म्हाळाप्पा, इकडं ये बे," कुणीतरी ओरडलं. "तुझी मेंढी छापून आलीया."

पटका बांधलेला, उंच, वाकलेला एक माणूस आला. चहाच्या हॉटेलवाल्यानं कागद हातात घेऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं, मेंढीचं बोलणं, सासूचं तव्याशी बोलणं, आणि शेवटी माझी ओळ. लोक हसले. एकजण म्हणाला, सुनेला कितीला विकतो रे म्हाळाप्पा.  म्हाळाप्पानं कागद मागून घेतला, बारीक घडी केली, पटक्यात खोचली, आणि विकायला आणलेली मेंढरं तशीच घेऊन निघून गेला. आणि मी, खोटं कशाला लिहू, मी खूश होते. घरी जाऊन अप्पांना म्हणाले, कागद पेटला.

पुढच्या आठवड्यात फेरोजभाईंकडं ते पान उघडलं तर चित्रांच्या जागी नुसते लाल फुलीचे चौकोन होते. त्याच्या पुढच्या वेळेला पानच नव्हतं. मला वाटलं, घरच्यांनी बंद पाडलं. माझा संताप वाढला, आणि संतापात मी दुसरं पत्रक लिहायला घेतलं.

ते स्टेन्सिलवर चढायच्या आत, बाजाराच्याच दिवशी दुपारी, एक बाई दुकानात आली. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी, फिकट साडी नीट नेसलेली, खांद्याला शिक्षिका नेतात तसली पिशवी. झंपराचं कापड दाखवा म्हणाली. मी ताग्यामागून तागे टाकले, तिनं एकालाही हात लावला नाही. मग पिशवीतून आमचा कागद काढून गादीवर ठेवला आणि विचारलं, हे तुम्हीच काढलं का. मला वाटलं, कौतुक करायला आली आहे. मी सुरूच झाले. ही बाई फार मोठी कलाकार आहे, नाव माहीत नाही, तिची रेघ बघा, हे मोजणीचं चित्र बघा, हे सगळ्या सुनांनी बघायला पाहिजे. तिच्यापुढं तिच्याच चित्रांची शिफारस मी करत होते, आणि ती मान खाली घालून सगळं ऐकून घेत होती.

"रेघ चांगली उतरवलीय तुमी," ती म्हणाली. "फक्त मामांचा हात चुकला."

सासऱ्याला ती मामा म्हणायची. मला कळलं तेव्हा माझ्या हातात निळ्या कापडाचा तागा होता, तो खाली ठेवायचंही सुचेना. तिचं नाव इथं कमल समजा. गावाजवळच्याच एका शाळेत ती चित्रकला शिकवायची. कागदावर बोट ठेवून तिनं मला माझी चूक दाखवली, वर्गात दाखवावी तशी. तिच्या चित्रात सासऱ्याचा पंजा उघडा होता, खाली झुकलेला. माझ्या गिरवण्यात तिच्याकडं रोखलेलं बोट झालं होतं.

"बोट न्हाईत दाखवत ते. मेंढराच्या पाठीवरनं हात फिरवावा तसं मोजत्यात. लगीन होऊन आले तवा पहिल्या सांजंला मी वट्ट्यावर रडत बसलते. त्यांनी मेंढरं मोजली, मग मला मोजलं, अन् म्हणाले, बरोबर हाय, सगळे घरी हायती." तिनं कागदावरची घडी बोटानं सपाट केली. "तवापासून रोज मोजायचे."

गादीवर बसलेल्या अप्पांनी विचारलं, "आता?"

"आता नुसती मेंढरं मोजत्यात. मी वट्ट्यावर असले की तोंड फिरवून मोजत्यात."

मी तरीही विचारलं, की तुमचं ते पान कुणी बंद करायला लावलं. माझ्या आवाजात अजून आशा होती. कुणीतरी दुष्ट निघेल, म्हणजे मी त्याच्याविरुद्ध उभी राहीन. ती म्हणाली, कुणी नाही, मीच पुसलं. मामांना तर ठाऊकच नव्हतं ती बीडला जाऊन काय करते. पेपर तपासायला जाते असं त्यांनीच सासूला सांगून ठेवलेलं, आणि तिला कधी विचारलंही नाही, की खरंच कुठं जातेस. बाजारात त्यांच्यावर सगळे हसले त्या दिवशीही विचारलं नाही. घडी केलेला कागद तिच्या हातात दिला आणि म्हणाले, तुझा हाय वाटतं.

"मी नको म्हणलं होतं तुमाला," कमल म्हणाली.

मी म्हणाले, मला वाटलं, तुम्ही भिता.

"भीतच होते की. म्हणून तर म्हणलं."

 तिनं विचारलं, हे कागद परत आणता येतील का. अप्पा म्हणाले, येतील. जाताना तिनं एक कापड खरंच घेतलं, कारण घरी तसं सांगून आली होती. अप्पा पैसे घेईनात, तिनं ते गादीवर ठेवले. रस्त्यापलीकडच्या लिंबाखाली तो उंच माणूस दुकानाकडं पाठ करून उभा होता. ती गेली तसा तो चालायला लागला, पुढं तो, मागं ती, मध्ये बरंच अंतर.

आयुष्यभर कागद वाटलेला माणूस त्या आठवड्यापासून कागद मागत फिरायला लागला. मी बरोबर असायची. वडवणीच्या बाजारात, मग कुणी म्हणालं तिकडं गेलेत म्हणून गेवराईच्या बाजारात. लोक अप्पांना ओळखायचे, चेष्टा करायचे, काय अप्पा, कागद महागला का. काही कागद मिळाले. एक भज्यांचं तेल पिऊन पारदर्शक झालेला, एक चांभाराच्या पेटीत तळाला अंथरलेला, एक शाळेच्या भिंतीला खळीनं चिकटवलेला, तो नखांनी खरवडून काढावा लागला. बाकीचे पुढं गेले होते, कारण आम्हीच तसं छापलं होतं आणि लोकांनी आमचं ऐकलं होतं. अप्पांनी म्हाळाप्पाच्या घरी जायचाही प्रयत्न केला. तो बाहेर आला, पाणी दिलं, पाऊस-पाण्याचं बोलला, आणि अप्पांनी विषय काढताच मेंढरांकडं निघून गेला. परत आल्यावर अप्पा मला म्हणाले, आपण माफीचं एक पत्रक काढू, सगळं खरं लिहू, बाजारात वाटू. त्यांना खरोखर दुसरा मार्ग माहीत नव्हता. मलाही ते बरोबर वाटलं, हे विशेष. आई ज्वारी निवडत होती. सूप खाली न ठेवता म्हणाली, "अजून एक कागद?" तेवढंच. पत्रक निघालं नाही. अप्पांनी मशीन पुढंही चालवलं, पण कुणी काही सांगायला आलं की ते आधी म्हणायचे, उद्या परत ये, उद्याही छाप म्हणालीस तर छापू. त्यातल्या बऱ्याच बाया परत यायच्या नाहीत. अप्पा वाट बघायचे, मग स्टेन्सिल कोरंच गुंडाळून ठेवायचे.

माझं पुढं लिहिणं झालं, नाव झालं, लोक मला निर्भीड म्हणतात. सभेत तो शब्द आला की मी खाली बघते. कमलनं परत काही काढलं का, हे मला ठाऊक नाही. विचारायचा हक्क मला नाही.

मध्यंतरी माझ्या भाचीनं फोनवर काहीतरी पाठवलं. वर लिहिलेलं, मावशी, हे बघच, कुणीतरी जुन्या रद्दीत शोधलंय. उघडलं तर आमचा कागद. कडा कुरतडलेल्या, शाई तांबूस झालेली, आणि तळाला ती ओळ, माझी. हरवलेली ग्रामीण चित्रकथा म्हणून ती हजारो जणांनी पाहिलेली होती, एकमेकांना पाठवलेली होती. कुणी त्यातल्या बंडखोरीवर लिहिलं होतं. कुणी ती ओळ टी-शर्टवर छापून घेतली होती. एका तरुण अभ्यासकानं शोधत शोधत मला फोन केला. पत्ता तुमच्या दुकानाचा आहे, चित्रकार कोण ते सांगा, आम्हाला पुस्तक करायचंय. फार प्रामाणिक मुलगा होता. त्याच्या बोलण्यातली घाई मला ओळखीची होती. मी सांगितलं नाही.

मी कमलला शोधून काढलं आणि भेटायला गेले. आता ती मुख्याध्यापिका म्हणून निवृत्तीला आली आहे. म्हाळाप्पा वारले. त्यांनी पुन्हा कधी तुम्हाला मोजलं का, असं विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. मी चहा प्यायले. तिनं माझ्या फोनवर ती चित्रं पाहिली, बोटानं मोठी करून सासऱ्याच्या हातापाशी थांबली, आणि फोन परत दिला. मी तिला म्हणाले, हे सगळं लिहावं असं वाटतं, पण तुम्ही म्हणाल तसं. तिनं उद्या सांगते म्हटलं. मी तिथंच जवळ मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, लिहा. तिनं आपल्या गावाचं नाव काढायला लावलं, मामांचं बदलायला लावलं, दोन प्रसंग काढायला लावले, ते मी काढले. आणि एक गोष्ट लिहायला सांगितली, ती इथं लिहिते.

ती चित्रं तुमच्याकडं आली असतील, किंवा उद्या येतील. पुढं पाठवू नका, कितीही आवडली तरी. तुमच्या फोनातून काढून टाका. ज्यानं पाठवली त्याला एवढं सांगा, की काढणारी बाई नको म्हणाली होती, आणि खालची ओळ तिची नाही. कुणाची, असं त्यानं विचारलं तर माझं नाव सांगा.